वर्गातील वादसभा, ध्वनिमुद्रण आणि इंग्रजीचे अध्यापन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



मनुष्य बोलतो तो सांगण्यासारखे काही असते म्हणून, आणि ऐकणारा कोणी असतो म्हणून. घरात, शेतात व बाजारात मूल जी भाषा शिकते ती या दोन गरजांच्या पोटी शिकते. प्राथमिक शाळेतील इंग्रजीच्या तासाला मात्र बहुधा या दोन्ही गोष्टींची उणीव असते. मूल हातात लेखणी धरून ‘धिस इज अ पेन’ असे म्हणते, तेव्हा ती लेखणी सर्वांच्या डोळ्यांपुढेच असते. ते वाक्य ऐकून कोणाच्या ज्ञानात भर पडत नाही, आणि ‘नाही, तसे नव्हे’ असे कोणी म्हणण्याचा संभवही नसतो. वाक्य शुद्ध असते. पण ते कोणी कोणाला सांगितलेले नसते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे सातवीतील मुलाने ही भाषा सहा-सात वर्षे ऐकलेली, वाचलेली व वहीत उतरवून घेतलेली असते. पाठाखालील प्रश्नांची उत्तरे ते देते. परंतु ‘गावच्या नदीचे पाणी असे का झाले?’ असे इंग्रजीत विचारताच ते मान खाली घालते. वस्तुतः उत्तर त्याला ठाऊक असते. वडिलांच्या तोंडून, आजीच्या तोंडून, नदीच्या काठावर त्याने ते अनेकदा ऐकलेले असते. ठाऊक असलेले उत्तर आणि जिभेवर न येणारी भाषा यांच्यामधील हे अंतर कसे कमी करावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे. परिसरातील एखाद्या खऱ्या प्रश्नावर वर्गात वादसभा भरवावी, तिचे ध्वनिमुद्रण करावे, आणि ते मुलांना पुन्हा पुन्हा ऐकवून त्यातूनच भाषा शिकवावी, असा हा मार्ग आहे.

कोराडीची जनसुनावणी

या मार्गाचा नमुना दूर कोठे शोधावयास नको. 29 मे 2023 रोजी नागपूर शहराजवळ कोराडी येथे एक मोठी सभा भरली होती. तेथील औष्णिक विद्युत केंद्रात प्रत्येकी 660 मेगावॅटचे दोन नवे संच उभारण्याचा प्रस्ताव होता, आणि त्याविषयी लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी ती जनसुनावणी होती. अशा सुनावणीची रीत केंद्र शासनाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने घालून दिलेली आहे. तिची सूचना निदान 30 दिवस आधी द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी यांच्या देखरेखीखाली ती चालते. सर्व कामकाजाचे चित्रमुद्रण करावे लागते. शेवटी सर्वांच्या म्हणण्याचा सारांश उपस्थितांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवावा लागतो, आणि लोकांनी उपस्थित केलेल्या मुद्द्यांचे निवेदन स्थानिक भाषेत व इंग्रजीत असे दोहोंत तयार करावे लागते.

शिक्षकाने या रीतीकडे जरा निरखून पाहावे. पूर्वसूचना, माहिती, दोन्ही बाजूंना बोलण्याची संधी, मुद्रण, सारांशाचे वाचन आणि दोन भाषांतील निवेदन या सहा गोष्टी म्हणजे भाषेच्या उत्तम पाठाच्याच सहा पायऱ्या होत.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. सुनावणीपूर्वी प्रकल्पाचा पर्यावरणविषयक अहवाल लोकांना पाहण्यासाठी ठेवला जातो. त्याचा सारांश मराठीत मिळतो. पण मूळ जाडजूड अहवाल, त्यातील कोष्टके, मोजमापे व नकाशांवरील खुणा ही सारी बहुधा इंग्रजीत असतात. ज्याच्या कापसावर राख पडावयाची त्या शेतकऱ्यास सारांशावर समाधान मानावे लागते. त्याची मुलगी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या वर्गात बसलेली आहे. उद्या तिला तो मूळ अहवाल उघडून वाचता यावा, त्यात काय लिहिले आहे व काय लिहावयाचे राहिले आहे हे ओळखता यावे, आणि उभे राहून आपले म्हणणे न अडखळता मांडता यावे, यासाठी इंग्रजी हवी. नोकरीसाठी इंग्रजी हवी हे खरेच. पण आपल्या गावाविषयी दुसऱ्याने लिहिलेले वाचता यावे हे प्रयोजनही त्याहून लहान नाही.

ध्वनिमुद्रण कशासाठी?

वादसभा ही काही नवी गोष्ट नव्हे. मग तिचे मुद्रण कशासाठी करावयाचे, असा प्रश्न कोणीही विचारील.

बोललेला शब्द हवेत विरून जातो. मूल बोलत असते तेव्हा त्याचे सारे लक्ष अर्थाकडे असते. ‘काय सांगावे’ या चिंतेत ‘कसे सांगितले’ याकडे पाहण्यास त्याला उसंत नसते. शिक्षकाने मध्येच थांबवून चूक सांगितली तर अर्थाचा धागा तुटतो व मूल पुढे बोलेनासे होते. नंतर सांगितली तर ‘मी असे म्हटलेच नव्हते’ असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. ध्वनिमुद्रणाने हा पेच सुटतो. बोलताना फक्त बोलावयाचे, ऐकताना फक्त ऐकावयाचे, अशी कामाची विभागणी होते. मग चूक दाखविणारा शिक्षक राहत नाही. मुलाचा स्वतःचा कानच परीक्षक होतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनीही या दिशेने पुष्कळ विचार केलेला आहे. कॅनडातील इंग्रजीभाषक मुले शाळेत वर्षानुवर्षे अनेक विषय फ्रेंच भाषेतून शिकत. ती फ्रेंच उत्तम समजू लागली, परंतु त्यांच्या बोलण्यातील व्याकरणाच्या चुका मात्र टिकून राहिल्या. यावरून मेरिल स्वेन या विदुषींनी 1985 साली असे प्रतिपादन केले की, केवळ ऐकणे पुरेसे नाही. स्वतः नेमके बोलण्याचा प्रयत्न करताना आपल्याला काय येत नाही हे उमगते, आणि तेथून पुढचे शिकणे सुरू होते. रिचर्ड श्मिट या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये स्वतः पोर्तुगीज भाषा शिकत असता रोजनिशी ठेविली व आपली संभाषणेही मुद्रित करून घेतली. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याला आढळले ते असे की, कानांवर पडलेली रूपे नव्हेत, तर ज्यांकडे आपले लक्ष गेले ती रूपेच पुढे आपल्या बोलण्यात आली. ऐकू येणे निराळे आणि ध्यानात येणे निराळे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारे साधन म्हणजे मुद्रण होय.

पूर्वी यासाठी टेपरेकॉर्डर हवा असे, आणि तो थोड्याच शाळांत होता. आज शिक्षकाच्या खिशातील मोबाइल हे काम करतो, व त्यासाठी इंटरनेटचीही गरज लागत नाही. मोबाइल वर्गाच्या मध्यभागी घडी घातलेल्या रुमालावर ठेवावा, पंखा बंद करावा, आणि बोलणाऱ्याने त्यापासून हातभर अंतरावर उभे राहावे. टिनाच्या छपरावर पाऊस वाजत असेल त्या दिवशी सभा पुढे ढकलावी. इतकी काळजी पुरेशी आहे.

विषयाची निवड

वादसभेचे यश निम्म्याहून अधिक विषयावर अवलंबून असते. ‘झाडे लावावीत काय?’ हा वादाचा विषयच नव्हे. कारण लावू नयेत असे म्हणणारा कोणी नाही. ‘प्रदूषण : एक समस्या’ हा निबंधाचा विषय आहे, सभेचा नव्हे. ज्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना कोणाची तरी भाकरी आहे, तोच प्रश्न वादास योग्य होय. असे प्रश्न नागपूर जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

कामठीच्या बाजूस राखेचा प्रश्न आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे 30 ते 45 टक्के असते. म्हणून वीज जितकी अधिक तितकी राखही अधिक. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतळ्याचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी आजूबाजूच्या शेतांत पसरले. परंतु त्याच केंद्राच्या विजेवर घरोघरी दिवा लागतो, तेथेच अनेकांना काम मिळते, आणि त्याच राखेपासून विटा व सिमेंटही होते.

कुही तालुक्यातील मुलांपुढे नदीचा प्रश्न आहे. नागपूर शहराला नाव देणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि ते पाणी गोसीखुर्द धरणाच्या जलाशयाला जाते. शहराने टाकलेले गावाने का सोसावे? आणि दुसऱ्या बाजूने, शहरातील लाखो लोकांचे पाणी जावे तरी कोठे, व ते शुद्ध करण्याचा खर्च कोणी द्यावा?

पारशिवनी व रामटेक तालुक्यांत पेंचचे जंगल आहे. वाघामुळे पर्यटक येतात, वाटाड्यांना व वाहनचालकांना रोजगार मिळतो. त्याच वाघामुळे गाय जाते, मोहफुले वेचावयास गेलेल्या बाईच्या जिवाला धोका असतो. मनसर व कांद्री येथे मँगनीजच्या खाणी आहेत, उमरेडला कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. काटोल व नरखेड तालुक्यांत संत्र्याच्या बागा विहिरी व बोअर यांच्या पाण्यावर उभ्या आहेत. बाग वाचवावी तर पाणी खोल जाते, पाणी वाचवावे तर बाग सुकते. शहरालगतच्या शाळांना 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवत असेल. त्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला व खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. नदीनाल्यांच्या काठावर घरे असावीत की नसावीत, आणि असलेल्या घरांचे काय करावे, हा प्रश्न तेव्हा पाण्याबरोबरच घरात आला.

अशा विषयात मुलाला एक मोठा लाभ होतो. इंग्रजीत शिक्षक त्याच्याहून अधिक जाणता असतो. पण राख कापसाच्या बोंडावर कशी बसते, वाघाची चाहूल लागताच गुरे कशी उधळतात, हे शिक्षकापेक्षा मुलाला अधिक ठाऊक असते. ज्या तासाला विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे काही असते आणि शिक्षकाला ते ऐकण्याची खरोखर गरज असते, तो तास भाषेचा होतो.

सभेपूर्वीची तयारी

येथे एका भारतीय प्रयोगाची आठवण करणे उचित होईल. 1979 ते 1984 या काळात बंगळूर व दक्षिणेतील अन्य ठिकाणच्या शाळांत एन. एस. प्रभू यांनी इंग्रजी शिकविण्याचा एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ न देता मुलांना विचार करावयास लावणारी कामे द्यावयाची, व त्या ओघात भाषा येऊ द्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. मुलांना नुसते ‘तुझे मत काय?’ असे विचारण्यापेक्षा, दिलेल्या माहितीवरून तर्काने काही शोधून काढावयास सांगितले असता काम अधिक चांगले होते, असे त्यांना आढळले. याचे कारण उघड आहे. मत मोघम असते. त्याला कोठून सुरुवात करावी हे कच्च्या विद्यार्थ्यास उमगत नाही. तर्काला मात्र पायरी असते.

म्हणून वादसभेचा आरंभ मताने करू नये, माहितीने करावा. पहिल्या दिवशी मुलांनी नदीवर, शेतावर किंवा खाणीच्या रस्त्यावर जाऊन पाहावे व घरी वडीलधाऱ्यांना विचारावे. हे सर्व मराठीत, गावच्या बोलीत, हिंदीत किंवा देवलापारच्या बाजूस गोंडीतही होऊ द्यावे. विचार ज्या भाषेत सहज चालतो त्या भाषेत तो आधी चालू द्यावा. इंग्रजी मागाहून येईल. दुसऱ्या दिवशी जमलेल्या माहितीचे एक कोष्टक फळ्यावर मांडावे : काय घडते, कोणाला लाभ होतो, कोणाची हानी होते. त्यासमोर बारा ते पंधरा इंग्रजी शब्द लिहावे, अधिक नकोत. त्यांखाली बोलण्याचे चार-पाच साचे द्यावे : ‘आय थिंक… बिकॉज…’, ‘आय डोन्ट ॲग्री’, ‘मे आय ॲड समथिंग?’, ‘यू सेड दॅट…, बट…’.

यांपैकी शेवटचा साचा सर्वांत मोलाचा आहे. भारतीय शास्त्रपरंपरेत आधी पूर्वपक्ष मांडावा व मग उत्तरपक्ष, अशी रीत आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगितल्यावाचून त्याचे खंडन करण्याचा अधिकार पोचत नाही. न्यायशास्त्राने वाद, जल्प व वितंडा असा भेद केला आहे : सत्य जाणण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडून काढावयाचे ती वितंडा. ‘यू सेड दॅट’ असे म्हणावयाचे तर मुलाला दुसऱ्याचे इंग्रजी लक्ष देऊन ऐकावे लागते. एका साच्यात श्रवण, भाषण व सभ्यता या तिन्ही गोष्टी साधतात.

पाठ केलेली भाषणे मात्र कटाक्षाने टाळावी. शिक्षकाने लिहून दिलेले आणि मुलाने घोकलेले भाषण मुद्रणात फार सुरेख ऐकू येते. पण त्यात मुलाचे काहीच नसते. हातात चार शब्दांची चिठ्ठी असावी, वाक्य जागेवर घडावे.

सभा व तिचे श्रवण

एक वर्ग डोळ्यांपुढे आणावा. सातवीत बावीस मुले आहेत. विषय आहे : राखतळे गावाजवळ असावे काय? प्रत्येक बाजूस चार वक्ते. एक मुलगी अध्यक्ष, एक मुलगा वेळ पाहणारा. उरलेली मुले श्रोते, व प्रत्येकाच्या हाती कोऱ्या कागदाचा तुकडा. प्रत्येक वक्त्यास एक मिनिट. शिक्षक मागच्या बाकावर बसलेले आहेत व काही बोलत नाहीत. हे मौन फार कठीण असते. पण ते पाळले नाही तर सभा शिक्षकाची होते.

एक मुलगी उठते आणि म्हणते, ‘ॲश फॉल ऑन अवर कॉटन. कॉटन बिकम ग्रे. ट्रेडर गिव्ह लेस मनी.’ वर्ग शांत होतो. कारण हे पुस्तकातील वाक्य नाही, तिच्या घरचा हिशेब आहे. विरुद्ध बाजूचा मुलगा उठतो. त्याचे वडील वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहेत. तो म्हणतो, ‘यू सेड लेस मनी. बट माय फादर ही गेट मनी फ्रॉम प्लांट. प्लांट क्लोज, देन व्हॉट वी ईट?’ व्याकरणाच्या दृष्टीने या सहा वाक्यांत चुकांची दाटी आहे. परंतु सहा-सात वर्षांत प्रथमच दोन मुले इंग्रजीत एकमेकांशी बोलली आहेत. शिक्षकाने त्या क्षणी तांबडी शाई काढू नये.

दुसऱ्या दिवशी मुद्रण ऐकावयाचे. पहिले श्रवण केवळ अर्थासाठी. कोण काय म्हणाले, कोणत्या मुद्द्याचे उत्तर कोणी दिले व कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळालेच नाही, एवढेच विचारावे. स्वतःचा आवाज प्रथम ऐकताना मुले हसतात, तोंड झाकतात; त्यांना हसू द्यावे. दुसऱ्या श्रवणास प्रत्येक वक्त्याने व त्याच्या जोडीदाराने मिळून त्या वक्त्याचे अर्धे मिनिट जसेच्या तसे वहीत उतरावे. अडखळणे, थांबणे, ‘दॅट… दॅट…’ हेदेखील लिहावे. अर्ध्या मिनिटासाठी बारा-पंधरा वेळा मुद्रण मागे न्यावे लागते, आणि त्या बारा-पंधरा वेळांतच शिकणे घडते. ती मुलगी स्वतःच लेखणी थांबविते व विचारते, ‘सर, ॲश फॉल की ॲश फॉल्स?’ हा प्रश्न शिक्षकाने दहा वेळा फळ्यावर मांडला असेल. आज तो तिचा झाला.

तिसऱ्या श्रवणात शिक्षकाने दोनच दोष निवडावे. सर्व दोष एकदम दाखविणे म्हणजे एकही न दाखविणे होय. मराठीभाषक मुलांच्या बोलण्यात काही दोष वारंवार आढळतात, आणि त्यांचे मूळ मराठीच्या रचनेत असते. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ हवाच असतो. म्हणून मूल ‘दो’ने आरंभ केलेल्या वाक्यात ‘बट’ही घालते. मराठीत ‘पाच वर्षांपासून राहतो’ असे वर्तमानकाळात म्हणतात. म्हणून ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे वाक्य येते. ‘मी सहमत आहे’ यातील ‘आहे’ सोबत घेऊन ‘आय ॲम ॲग्री’ होते. मराठीत ‘अ’ व ‘द’ यांच्यासारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. मराठीच्या एकाच ‘व’मुळे इंग्रजीतील दोन निरनिराळे ध्वनी एक होऊन जातात. मूळ दाखविले की मुलाला आपण मूर्ख आहोत असे वाटत नाही. आपण मराठीच्या वाटेने इंग्रजीत आलो, एवढेच कळते.

चौथ्या दिवशी सभा पुन्हा भरवावी, पण बाजू बदलून. कापसाविषयी बोलणाऱ्या मुलीने आता वीज केंद्राच्या बाजूने बोलावे, आणि कंत्राटी कामगाराच्या मुलाने शेतकऱ्याच्या बाजूने. भाषेच्या दृष्टीने यात पुनरावृत्ती साधते. तेच भाषण चार, तीन व दोन मिनिटांत असे तीनदा केले असता बोलण्यातील गती वाढते व अडखळणे कमी होते, असे पॉल नेशन यांनी 1989 साली दाखविले आहे. एका मिनिटाचे बोलणे पुन्हा करताना चाळीस सेकंदांत करावयास सांगावे. आणि मनाच्या दृष्टीने जो लाभ होतो त्यास मोजमाप नाही. समोरच्या घरातही चूल आहे, हे त्या दोघांनाही परभाषेत बोलताना कळते.

अखेरीस सुनावणीप्रमाणेच निवेदन तयार करावे : आठ-दहा वाक्ये मराठीत, आठ-दहा इंग्रजीत. अध्यक्ष मुलीने दोन्ही वाचून दाखवावी व ‘यात कोणाचे म्हणणे राहिले काय?’ असे विचारावे. एखादे मूल उठून ‘माझे राहिले’ असे म्हणाले, तर मुद्रण पुन्हा लावून पाहावे. ‘मी असे म्हणालो होतो’ हा वाद तेथेच मिटतो, आणि बोललेल्या शब्दाला जबाबदारी असते हे शिक्षण आपोआप मिळते. दोन्ही सभांची मुद्रणे दिनांक घालून जपून ठेवावी. सहा महिन्यांनी जूनचे मुद्रण डिसेंबरात ऐकविले, म्हणजे झालेली प्रगती मुलाला कोणी सांगावी लागत नाही.

काही शंका

अभ्यासक्रम मागे पडेल, ही पहिली शंका. एका सत्रात दोन सभा घेतल्या तर आठ-दहा तास लागतात. परिसर अभ्यास, भूगोल व विज्ञान यांतील पाठ त्यात येऊन जातात, आणि श्रवण व भाषण या कौशल्यांच्या नोंदीस खरा आधार मिळतो.

मुले वितंडवादी होतील, घरच्यांच्या कामाधंद्यावर बोलू लागतील, ही दुसरी शंका. ती अगदीच निराधार नाही. म्हणून व्यक्तीचे नाव घ्यावयाचे नाही, आणि प्रश्नाचा निकाल मतमोजणीने लावावयाचा नाही, हे दोन नियम आरंभीच सांगावे. वर्गाचे काम न्याय देण्याचे नव्हे, दोन्ही बाजू नीट मांडावयास शिकण्याचे आहे.

अबोल मुलांचे काय, ही तिसरी शंका. गोंडीभाषक मूल, वीटभट्टीवरील कामगाराचे नव्याने आलेले मूल, किंवा मुळातच लाजरी मुलगी सभेत उभी राहणार नाही. तिला एकटीला व्हरांड्यात मोबाइल देऊन एक वाक्य मुद्रित करू द्यावे, आवडले नाही तर पुसून पुन्हा बोलू द्यावे. समोर माणूस असताना न फुटणारा आवाज यंत्रापुढे फुटतो. आणि ते एक वाक्य सभेत ऐकविले गेले की पुढच्या सभेला ती उभी राहण्याची आशा असते.

चौथी शंका कोणी उघड बोलत नाही. पण तीच सर्वांत खरी आहे. शिक्षकाला स्वतःच्या इंग्रजीचे भय वाटते. तोही मराठी शाळेतूनच शिकलेला असतो. मुद्रण ऐकताच त्याला प्रथम ऐकू येतो तो त्याचाच आवाज : त्याचे उच्चार, त्याच्या चुका, आणि मुलांच्या वाट्याचा वेळ त्याच्याच बोलण्याने कसा खाल्ला ते. हे ऐकणे सुखाचे नसते. परंतु जो शिक्षक आपले दोन मिनिटांचे इंग्रजी प्रथम मुद्रित करतो, मुलांसमोर लावतो आणि ‘यात माझी कोणती चूक ऐकू येते?’ असे विचारतो, त्याच्या वर्गातील भय त्या दिवशी निम्मे उतरते.

याच कारणासाठी एक मर्यादा सर्वांनी पाळावयास हवी. ही मुद्रणे तपासणीसाठी नाहीत. शाळाभेटीस आलेल्या विस्तार अधिकाऱ्याने ती मागू नयेत, त्यांवर शेरा लिहू नये, आणि कोणत्या शाळेचे मुद्रण सरस याची स्पर्धा लावू नये. ज्या दिवशी मुद्रण अधिकाऱ्यास दाखविण्याची वस्तू होईल, त्या दिवसापासून घोकलेली भाषणे मुद्रित होऊ लागतील, आणि कापसाचा हिशेब सांगणारी ती मुलगी पुन्हा खाली बसेल. तसेच मुलांचे आवाज मोबाइलवरील गटांत पाठवू नयेत. पालकांची संमती आधी घ्यावी. मुलांच्या माहितीसाठी अशी संमती हवी हे तत्त्व 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानेही मान्य केले आहे. वर्ष संपल्यावर मुद्रणे मुलांना ऐकवून पुसून टाकावी. अधिकाऱ्याला शाळेत काय झाले हे पाहावयाचेच असेल, तर त्याने वर्गात येऊन मागच्या बाकावर बसावे आणि एखाद्या मुलाला नदीविषयी विचारावे.

समारोप

इंग्रजी भाषा परकी असली तरी तिच्यातून सांगावयाची गोष्ट परकी असण्याचे कारण नाही. कन्हानचे पाणी, कापसावरील राख, पेंचचा वाघ आणि काटोलची संत्र्याची बाग या विषयांवर अहवाल लिहिले जातात, ठराव होतात, निर्णय होतात. आणि त्यांतील पुष्कळसे कागद इंग्रजीत असतात. ते कागद ज्यांच्याविषयी आहेत त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकत आहेत. त्यांना आज चुकतमाकत का होईना, स्वतःचे बोलू द्यावे, ते त्यांचे त्यांना ऐकू द्यावे, आणि ऐकून सुधारू द्यावे. यास एक मोबाइल, एक फळा आणि पंधरा मिनिटे गप्प बसण्याची शिक्षकाची तयारी इतकेच लागते. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक शाळांत आहेत. तिसरी ज्याची त्याने आणावयाची आहे.